हेडलाइटमध्ये पाणी दिसतंय? कोरडा करण्याआधी हे तपासा

प्रश्न असा आहे: पाऊस पडून गेला किंवा गाडी धुतली की एका बाजूच्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरते, कधी खालच्या कोपऱ्यात थेंबही दिसतात. एक मेकॅनिक म्हणतो अख्खा लाइट बदला. दुसरा म्हणतो कडेने सिलिकॉन भरून देतो. व्हिडिओंमध्ये कुणी खालून भोक पाडतं, कुणी आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतं. यातलं नेमकं काय करायचं?

बरीच वर्षं गाड्यांच्या लाइटचंच काम करत आल्यामुळे मी आधी एकच गोष्ट सांगेन. आतलं पाणी हवेतून आलंय की बाहेरून शिरलंय, हे ठरवल्याशिवाय हेडलाइटला हात लावू नका. हवेतून आलं असेल तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बाहेरून शिरत असेल तर नुसता वाळवून उपयोग नाही, पुढच्या पावसात पुन्हा तेच होणार. लोकांचे पैसे वाया जातात ते हा फरक न केल्यामुळे. चांगला हेडलाइट फेकला जातो, नाहीतर गळका हेडलाइट पुन्हा पुन्हा वाळवला जातो.

हा फरक समजायला हेडलाइट कसा बनलेला असतो ते थोडं माहीत हवं. पुढची ‘काच’ म्हणजे पॉलीकार्बोनेट, मागचा डबा बहुधा पॉलीप्रॉपिलीनचा. दोन्हींच्या मधल्या खाचेत ब्युटाइल किंवा पॉलीयुरेथेनचं सील असतं. हा डबा हवाबंद असतो असं बहुतेकांना वाटतं, पण तो तसा नसतो आणि असूही नये. दिवा पेटला की आतली हवा तापते. २५ अंशांची हवा ६५ अंशांवर गेली तर साधारण १३ टक्के फुगते. मोठ्या हेडलाइटमध्ये दहाएक लिटर हवा मावते, म्हणजे सव्वा-दीड लिटर हवेला बाहेर पडायला वाट हवी. दिवा बंद झाला की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. ही वाट दिली नाही तर सगळा दाब सीलवर आणि मागच्या रबरी टोपणांवर येतो. म्हणून प्रत्येक हेडलाइटला ब्रीदर ठेवलेले असतात. कुठे खाली तोंड केलेली रबरी कोपरनळी असते, कुठे फोमचा तुकडा, कुठे पांढरट पापुद्र्यासारखा पीटीएफईचा पडदा. हा पडदा चांगल्या रेनकोटांत वापरतात त्याच जातीचा असतो. वाफ आणि हवा त्यातून जाते, पाण्याचा थेंब जात नाही.

जुन्या सील्ड बीम दिव्यांना ही भानगड नव्हती. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात असायचं, आणि तडा गेला की अख्खा दिवा टाकून द्यायचा. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून पुढची चार दशकं तेच चाललं. बल्ब वेगळा काढता येऊ लागला आणि काच प्लॅस्टिकची झाली, तेव्हापासून हेडलाइटला श्वास घ्यावा लागतो.

आता बाहेरची हवा आत येणार म्हटलं की तिच्यातली वाफही येणार. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं, २० अंशांना त्याच हवेत १७ ग्रॅमच मावतं. दहा लिटरच्या हेडलाइटसाठी हिशेब केला तर आतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी भरतं ०.३ ग्रॅम. रात्री दहा अंशांनी थंडी वाढली तर त्यातलं ०.१३ ग्रॅम काचेवर बसतं. म्हणजे दोन-तीन थेंब! पण तेच बारीक कणांनी पसरलं की अख्खी काच पांढरी दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं आत पाणीच पाणी झालंय.

ही संख्या लक्षात ठेवा, कारण निदान बरंचसं तिच्यावरच होतं. हवेतून येणारं पाणी थेंबांत मोजण्याइतकंच असतं. हेडलाइट हलवल्यावर आत चमचाभर पाणी खळखळत असेल तर तेवढं पाणी नुसत्या हवेतून जमायला तीस-चाळीस वेळा आतली हवा पूर्ण बदलून प्रत्येक वेळी दव पडावं लागेल, आणि मधे एकदाही वाळता कामा नये. रोज वापरातल्या गाडीत असं होत नाही. खाली पाणी साचलेलं दिसलं की समजायचं, ते कुठून तरी आत शिरलंय.

एक बारकावा इथेच सांगतो. पॉलीकार्बोनेट स्वतःही थोडं पाणी शोषतं, वजनाच्या हजारात एक ते तीन भाग इतकं. त्यामुळे ओला झालेला हेडलाइट वरवर वाळवून लगेच बंद केला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हलकं दव दिसतं. ते नवीन पाणी नसतं, प्लॅस्टिकमधून सुटलेलं असतं. असं एकदा झालं म्हणून गळती राहिली असं समजू नका.

प्रत्यक्षात बघायचं कसं? सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, दोन्ही हेडलाइटकडे समोर वाकून बघा. दोन्हींमध्ये सारखंच, बारीक, धुरकट दव असेल, विशेषतः बल्बपासून लांबच्या कोपऱ्यात, तर ते हवामानाचं काम आहे. एकाच बाजूला असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. मात्र एक बाजू वाऱ्याकडे उभी होती का, एका बाजूला ऊन लागतं का, हे आधी बघा. नंतर लो बीम लावून गाडी अर्धा-पाऊण तास चालवा. उभ्या गाडीत नुसता दिवा लावून ठेवण्यापेक्षा चालवणं बरं, कारण ब्रीदरमधून हवा खेळायला वारा लागतो. दव बल्बच्या समोरच्या भागापासून विरळ होत जाऊन कोपऱ्यात शेवटी राहील आणि तेही जाईल. काच कोरडी झाल्यावर मागे काही खूण उरली नाही तर विषय संपला. बहुतेक कंपन्यांच्या मालकपुस्तिकेतही असं तात्पुरतं दव सामान्य मानलेलं असतं.

एलईडी हेडलाइटवाल्यांनी इथे जास्त धीर धरावा. हॅलोजनचा लो बीम ५५ वॅटचा, आणि त्यातली बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर समोर काचेवर पडते. एलईडीला वीज कमी लागते आणि तिची उष्णता मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे जाते, त्यामुळे काच गार राहते. हॅलोजनमध्ये अर्ध्या तासात जाणारं दव एलईडीत दोन-तीन तास रेंगाळतं. इलेक्ट्रिक गाडीत तर बॉनेटखाली गरम इंजिनही नसतं, तिथे त्याहूनही वेळ लागतो. दिवसा नुसते डीआरएल (दिवसा लागणारे छोटे दिवे) लावून फिरणाऱ्या गाड्यांचीही हीच गत होते, मुख्य दिवा तापतच नाही. एलईडी हेडलाइट संध्याकाळी अजून धुरकट आहे एवढ्यावरून तो गळतो असं म्हणता येणार नाही.

गळतीच्या खुणा वेगळ्या असतात. काचेवरून खाली ओघळलेल्या रेषा. तळाशी पाण्याची पातळी सांगणारी पांढरट कड. काळ्या किंवा क्रोम पट्टीवर वाळलेल्या थेंबांचे खडूसारखे डाग. आत धूळ किंवा चिखलाचा पातळ थर, कारण हवेतून येणारं पाणी चिखल आणत नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज. यातलं एक जरी दिसलं तरी पाणी शिरतंय असं धरा. आणि ते कधी वाढतं तेही पाहा. गाडी धुतल्याबरोबर येऊन तासाभरात जाणारं दव बहुतेक वेळा तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यामुळे आलेलं असतं. पावसात लांबवर गाडी चालवल्यावर वाढत जाणारं पाणी मात्र बाहेरचंच.

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. थेंब आणि साचलेलं पाणी स्पष्ट दिसतील असे फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. स्वतः टोपण उघडलंत, सिलिकॉन लावलंत, की पुढचं बोलणं अवघड होतं.

वॉरंटी नसेल तर शोध सुरू करायचा तो मागच्या टोपणापासून. काचेच्या सीलकडे सगळ्यात शेवटी वळायचं, लोक नेमकं उलट करतात. माझ्याकडे आलेल्या ओल्या हेडलाइटमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष निघतो तो बल्ब बदलल्यावर नीट न बसवलेल्या रबरी बुटात, म्हणजे बल्बच्या मागच्या रबरी टोपणात. बुटाचा ओठ डब्याच्या खाचेत चारी बाजूंनी बसायला हवा. कनेक्टरच्या सगळ्या पिना बुटातून पूर्ण बाहेर यायला हव्यात. बुटावर ‘टॉप’ असं उमटवलेलं असेल तर ती बाजू वरच हवी. हात पोहोचत नसेल तर बोटाने पूर्ण गोल फिरवून ओठ कुठे दुमडलाय का ते चाचपा. दुमडलेली जागा नजरेला दिसत नाही, बोटाला लगेच कळते. फिरवून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोपणात ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी असते. ती चपटी झालेली, चिरलेली किंवा जागेवरून सरकलेली असेल तर बदला. रबराला लावायचं तर सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर ईपीडीएम रबर फुगतं आणि सैल पडतं.

यातच आणखी एक कारण येतं आणि ते हल्ली फार दिसतं. हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवतात. त्याच्या मागे पंखा किंवा हीट सिंक असतो, तो बुटात मावत नाही. मग बूट काढूनच टाकतात किंवा कापतात. वायरसाठी टोपणाला भोक पाडलेलंही मी सर्रास बघतो. अशा हेडलाइटला पाणी आणि धूळ दोन्हींसाठी दार उघडंच राहतं. पूर्ण टोपण लागत नसेल तर तो बल्ब त्या हेडलाइटसाठी नाही. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असा बल्ब प्रकाश नीट पाडत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. मूळ बल्ब परत लावा, टोपण नवीन घ्या. कित्येक गाड्यांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

टोपण ठीक निघालं तर ब्रीदर बघा. ते साधारणपणे डब्याच्या मागे, एक वरच्या बाजूला आणि एक खाली, तिरके समोरासमोर असतात, म्हणजे एकातून हवा शिरते आणि दुसऱ्यातून निघते. खालच्यात चिखल बसतो, कोळी जाळं करतो, फोम जुना होऊन त्याचा भुगा होतो. एक ब्रीदर तुंबला तरी हवा खेळायची थांबते आणि साधं दवसुद्धा दिवस-दिवस जात नाही. दोन्ही तुंबले तर त्याहून वाईट. तापलेला हेडलाइट पावसात गार पडतो तेव्हा आत ओढ निर्माण होते, आणि ती ओढ सीलमधल्या सगळ्यात कमजोर जागेतून पाणी आत खेचते. म्हणजे गळती सीलची दिसते, पण मूळ तुंबलेल्या ब्रीदरमध्ये असतं. अशा वेळी नवीन सील लावूनही काही महिन्यांत ते पुन्हा सुटतं.

रबरी नळी काढून कोमट पाण्याने धुवा, वाळवा, तोंड खालीच राहील अशी परत लावा. फोम गेला असेल तर तशाच उघड्या छिद्रांचा नवीन तुकडा कापून घाला, दाबून ठासू नका. पडद्याच्या ब्रीदरला ब्रश, टोक किंवा कंप्रेसरची हवा लावायची नाही, तो फाटतो. त्यावर तेल, पॉलिश किंवा इंजिन धुण्याचा साबण बसला असेल तर छिद्रं बंद होतात आणि तो धुऊन फारसा सुधारत नाही, बदलावा लागतो. जुन्या पडद्याच्या चिकटीचे अवशेष पूर्ण काढा, आणि नवीन पडदा तेवढ्याच व्यासाचा घ्या.

टोपणही ठीक, ब्रीदरही मोकळे आणि तरी पाणी येतंय, अशा वेळी हेडलाइट गाडीतून बाहेर काढायला पर्याय नाही. बऱ्याच गाड्यांना त्यासाठी पुढचा बंपर सैल करावा लागतो. त्याआधी एक काम: गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून लो बीमची वरची कड भिंतीवर पट्टीने आखून ठेवा, आणि चाकं कुठे होती तेही जमिनीवर आखा. परत बसवताना याचा मोठा उपयोग होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. झेनॉन हेडलाइट असेल तर हे सक्तीचं समजा, कारण त्याच्या बॅलास्टमधून पेटवण्याच्या क्षणी वीस हजार व्होल्टच्या वर दाब निघतो.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधायची माझी पद्धत साधी आहे. सगळी टोपणं लावायची, एक ब्रीदर सोडून बाकीचे चिकटपट्टीने बंद करायचे. उरलेल्या ब्रीदरला लवचीक नळी जोडायची. काचेच्या कडेच्या खाचेवर, मागच्या स्क्रूंच्या जागी, बीम वर-खाली करायच्या अॅडजस्टरभोवती आणि टोपणांच्या कडांवर साबणाचं दाट पाणी ब्रशने लावायचं. मग नळीतून तोंडाने हळू फुंकायचं. तोंडाचाच दाब हवा, कंप्रेसरने फुंकलं तर शाबूत सीलही फाटेल. गळकी जागा असेल तिथे आधी बारीक बुडबुड्यांचा फेस येतो आणि फुंकत राहिलं की एखादा मोठा बुडबुडा फुगत जातो. लगेच मार्करने खूण करायची आणि तिथेच न थांबता पूर्ण कड फिरायची. एक जागा सापडली की शोध थांबवायचा मोह होतो, पण अपघातात पिळवटलेल्या डब्याला बऱ्याचदा दोन जागी तोंड सुटलेलं असतं.

बुडबुडे कुठे आले त्यावरून पुढचं ठरतं. अॅडजस्टरभोवती आले तर तिथली छोटी ओ-रिंग गेलीय. मागच्या डब्यावर आले तर केसासारखा तडा आहे, बहुतेक वेळा बंपरला हलका धक्का बसल्यावर स्क्रूच्या कानाशी पडलेला. पॉलीप्रॉपिलीनवर सिलिकॉन आणि साधी डिंकं नीट चिकटतच नाहीत, त्या प्लॅस्टिकचा पृष्ठभागच तसा आहे. तडा त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या कांडीने वेल्ड करून घ्यावा. डब्यावर खाली दोन अक्षरी ‘पीपी’ अशी खूण कोरलेली असते, ती वेल्डिंगवाल्याला दाखवा. कुठेच बुडबुडा नाही आणि तरी पाणी येतंय, तर कनेक्टर बघा. वायरच्या तारांमधून, प्लॅस्टिकच्या आवरणाखालून, पाणी सरकत आत येऊ शकतं.

बुडबुडे काचेच्या कडेवर आले तर सील गेलंय. इथे बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढायचा सल्ला सगळ्यात सहज मिळतो आणि मी तो देत नाही. एक तर ती डब्याच्या बाजूने उकलते. दुसरं, फटीत अडकलेलं पाणी आतच राहतं. आणि बाजारात सहज मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसिटिक अॅसिड सोडतं. त्याची वाफ आतल्या रिफ्लेक्टरवरच्या अॅल्युमिनियमच्या पातळ थराला आणि पिनांना खाते. सिलिकॉन वापरणं भागच असेल तर न्यूट्रल क्युअर जातीचं, म्हणजे वाळताना असं अॅसिड न सोडणारं घ्या.

योग्य दुरुस्ती म्हणजे काच सोडवून खाच साफ करून नवीन ब्युटाइलची दोरी भरणं. ते शक्य आहे का हे नखाने कळतं. कडेला बाहेर आलेल्या सीलमध्ये नख दाबा. ते मऊ, काळं, चिकट असेल आणि नखाची खूण राहिली तर ब्युटाइल, ते उष्णतेने सुटतं. रबरासारखं कडक असेल, नख उसळून परत येत असेल तर पॉलीयुरेथेन. ते उष्णतेने सुटत नाही, कापावं लागतं आणि कापताना काच किंवा डबा बहुधा फुटतो, त्या वाटेला जाऊ नका. ब्युटाइलवालं काम करायचं तर बल्ब, मोटर, सर्किट, स्क्रू, क्लिपा सगळं काढून रिकामा हेडलाइट १०० अंशांच्या आसपास दहाएक मिनिटं समान तापवतात, आणि कोपऱ्यापासून हळूहळू काच उचलतात. एलईडीचं सर्किट आतच बसवलेलं आणि न निघणारं असेल तर तापवणं टाळा. हे काम पहिल्यांदाच करणार असाल तर आधी भंगारातल्या एखाद्या हेडलाइटवर हात बसवा, किंवा हेच काम नेहमी करणाऱ्याकडे द्या.

उघडल्यावर रिफ्लेक्टर पुसायचा नाही. मऊ फडक्यानेसुद्धा नाही. तो आरसा म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर, बोट फिरलं की ओरखडा, आणि तो परत येत नाही. धूळ असेल तर हवेच्या फुग्याने उडवा. काच आतून डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि तशीच निथळू द्या. काही काचांना आतून अँटीफॉग थर असतो, तो घासला की कायमचे पट्टे उमटतात. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांतलं काहीही पॉलीकार्बोनेटला लावायचं नाही, त्याने बारीक तड्यांचं जाळं येतं.

आता वाळवणं. मागची सगळी टोपणं काढा, हेडलाइट वाकडा करून साचलेलं पाणी आधी ओतून टाका. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर अशी हवा खेळेल असा धरा. काचेला हात लावल्यावर चटका बसला तर जास्त झालं. दमट दिवसातही हे चालतं, कारण ३० अंशांची ९० टक्के दमट हवा ५५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता चतुर्थांशावर येते आणि ती पाणी ओढून घेते. चूक होते ती यानंतर. त्याच दमट हवेत हेडलाइट गार होऊ देतात आणि टोपण लावून टाकतात. आत कोंडलेल्या त्या हवेतली वाफ २८ अंशांवरच दव होऊन बसते, म्हणजे त्याच रात्री काच पुन्हा पांढरी! म्हणून वाळवलेला हेडलाइट एसीच्या खोलीत रात्रभर उघडा ठेवा आणि टोपणं त्याच खोलीत लावा. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं पाणीही त्या रात्रीत बरंचसं निघून जातं.

सिलिका जेल या रात्रीपुरतं आत ठेवायला चांगलं, पुडीला दोरा बांधून, सकाळी आठवणीने काढून घ्यायचं. कायमचं ठेवू नका. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पिऊन ते भरतं, आणि दिवा तापला की त्यातलं बरंचसं परत सोडतं. पुडी हॅलोजन बल्बला टेकली तर वितळते. काही कंपन्या मुळातच आत शोषक पुडी देतात, पण तिची जागा बल्बपासून दूर, ठरवून केलेली असते, आणि ती दुरुस्तीच्या वेळी बदलायची असते.

खालून भोक पाडण्याबद्दल विचारलंय म्हणून स्पष्ट सांगतो: पाडू नका. साचलेलं पाणी त्यातून निघतं खरं, पण टायरने उडवलेला चिखल आणि धूळ तिथूनच आत येते. तापलेल्या दिव्याने पाण्यातून गाडी गेली की तेच भोक पाणी वर ओढतं. वर्षभरात रिफ्लेक्टर काळवंडतो आणि मग खरंच अख्खा लाइट बदलावा लागतो.

बदलायचा कधी? रिफ्लेक्टरचा चंदेरी थर उडाला असेल, एलईडीच्या सर्किटवर गंज चढला असेल, काचेला तडा असेल किंवा डबा दोन-तीन जागी फुटला असेल, तेव्हा. अशा वेळी दुरुस्तीत पैसे घालू नका. आतल्या पाण्यामुळे बीम पसरतो, स्वतःला रस्ता कमी दिसतो आणि समोरून येणाऱ्याला जास्त चमकतो, हा दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे. जुना हेडलाइट विकत घेणार असाल तर स्क्रूचे सगळे कान शाबूत आहेत ना, ब्रीदर जागेवर आहेत ना आणि टोपणं त्याचीच आहेत ना ते बघून घ्या. काही नकली हेडलाइटमध्ये ब्रीदरच्या जागी नुसतं उघडं भोक असतं.

एकदा सगळं नीट झालं की प्रेशर वॉशरची धार हेडलाइटच्या कडेवर आणि बॉनेटच्या फटीवर जवळून मारू देऊ नका. लांबच्या प्रवासानंतर लगेच गार पाणी मारण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं थांबा. आठवड्यातून एकदा तरी लो बीम लावून अर्धा तास गाडी चालवा.

हेडलाइट परत बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने लावून मग थोडे थोडे आवळा. एकच कोपरा पूर्ण आवळला तर डबा पिळतो आणि नवं सील तिथेच सुटतं. गाडी आखलेल्या खुणांवर उभी करून भिंतीवरची कड जुळवा. खूण करायची राहिली असेल तर हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला टक्का बघा. तिथे १ टक्का लिहिलं असेल तर १० मीटरवर बीमची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. अॅडजस्टरचा स्क्रू अडकतोय असं वाटलं तर जोर लावू नका. आत बरेच दिवस पाणी असलं की त्याचा दांडा गंजतो, आणि तो तुटला तर रिफ्लेक्टर आत लोंबकळतो. थोडं सिलिकॉन स्प्रे बाहेरच्या बाजूने मारा, दहा मिनिटं थांबा, आणि पाव-पाव फेरा मागे-पुढे करत सोडवा.